दयाबेन येणार नाही, हे एकदा सांगून टाका आणि पुढे चला

मुख्य कलाकार सोडून गेला की मालिका बंद करावी, उगाच ओढत नेऊ नये, असं म्हणणारी माणसं ठाण्यात मला घरटी एक भेटतात. विषय निघतो तो अर्थातच 'तारक मेहता का उल्टा चष्मा'वरून. आमच्या पाचपाखाडीत रात्री साडेआठला बिल्डिंगचा जिना चढायला लागलं की निम्म्या दारांमागून तेच टायटल साँग ऐकू येतं, आणि त्याच घरातली माणसं सकाळी खाली भेटली की म्हणतात, आता काय राहिलंय त्यात, दया गेली तिथेच सगळं संपलं, बंद करून टाका. मला ही 'बंद करा'वाली मागणी अजिबात पटत नाही. कलाकार गेल्यावर मालिका चालू राहण्यात काहीही वाईट नाही, चांगल्या मालिकेनं तर चालू राहावंच. राग यायला पाहिजे तो दुसऱ्याच गोष्टीचा, की गेलेल्या माणसाला धड निरोप दिला जात नाही, त्याच्या जागी धड कोणी आणलं जात नाही, आणि बघणाऱ्याला वर्षानुवर्षं 'येणार येणार' म्हणून झुलवत ठेवलं जातं.

आधी काय घडलं ते नीट बघू, कारण बोलताना लोक बऱ्याच गोष्टींची सरमिसळ करतात. मालिका सुरू झाली २८ जुलै २००८ ला, तारक मेहतांच्या 'चित्रलेखा'मधल्या गुजराती सदरावरून. २०१७ मध्ये मालिकेच्या हिरोची, जेठालालची, बायको दया करणारी दिशा वकानी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि परत आली नाही. त्याच वर्षी त्यांचा मुलगा, पहिला टपू, म्हणजे भव्य गांधी गेला, त्याच्या जागी राज अनादकट आला, तोही २०२२ ला गेला आणि २०२३ पासून नितीश भलूनी आला, म्हणजे टपू तीन झाले. सोनू तर चार झाल्या. अंजलीभाभी २०२० ला बदलली, सोढी बदलला, २०२२ मध्ये तर खुद्द तारक मेहता बदलला, शैलेश लोढा जाऊन सचिन श्रॉफ आला. डॉक्टर हाथी करणारे कवी कुमार आझाद २०१८ च्या जुलैत वारले, त्यांच्या जागी निर्मल सोनी आले, जे खरं तर अगदी सुरुवातीचे हाथी होते. जेठालालच्या दुकानातले नट्टूकाका म्हणजे घनश्याम नायक २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. एवढे सगळे बदल पचवून मालिका ४००० भागांच्या पुढे गेली, आणि २०२५ च्या मध्यावर टीआरपीत एक नंबरला होती, 'अनुपमा'च्याही वर. तेव्हा दया गेली म्हणून मालिका मेली हे आकड्यांत तरी बसत नाही.

मग लोकांना इतकं टोचतं काय? टोचतं कारण एवढ्या सगळ्या बदलांमध्ये एकच जागा रिकामी ठेवलीय आणि ती नेमकी घराच्या मधोमध आहे. दया माहेरी अहमदाबादला आहे एवढंच मालिकेत म्हणत राहतात. तिचा भाऊ सुंदर (मयूर वकानी, जो खऱ्या आयुष्यातही दिशाचा भाऊच आहे) मधूनमधून उगवतो आणि जिजाजींना सांगतो की बहना येतेय. मग त्यांच्या गोकुळधाम सोसायटीत स्वागताची तयारी होते, जेठालाल हरखून जातो, तो ट्रॅक काही दिवस ताणतात, प्रोमो फिरतात, आणि शेवटी काहीतरी कारण निघून दया येत नाही. २०२३ च्या शेवटी हेच झालं तेव्हा लोक इतके वैतागले की मालिकेवर बहिष्कार टाका म्हणून हॅशटॅग चालले. माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना हॅशटॅग वगैरे कळत नाही, त्या फक्त त्या आठवड्यात स्वयंपाकघर लवकर आवरून टीव्हीसमोर येऊन बसत होत्या, आणि दया आली नाही तेव्हा काही न बोलता आत गेल्या. असल्या प्रेक्षकाला फसवणं सोपं असतं आणि म्हणूनच ते करू नये. पान वाढून ठेवलंय, माणूस येणार नाही हे वाढणाऱ्याला पक्कं माहितीय, तरी बाकीच्यांना ताटकळत बसवलंय, अशी गत आहे ही.

यात दिशा वकानीचा काडीचाही दोष नाही, हे मला ठणकावून सांगायचंय, कारण लोक तिलाही बोलतात. पोरं लहान आहेत, घर आहे, तिला नाही करायचं परत काम, विषय संपला. एखादी नटी आपल्याला इतकी आवडली म्हणून ती आपल्या घरची नोकर होत नाही. बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये रोजची मालिका करणं काय असतं हे घोडबंदर रोडच्या बंगल्यांमध्ये चालणाऱ्या शूटिंगांच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही विचारा, सकाळी सातला आत गेलेली माणसं रात्री दिसतात. तान्हं मूल घरी ठेवून ते करायचं नाही असं एखादीनं ठरवलं तर तिचं कौतुकच करावं. निर्मात्यांनीही २०२५ मध्ये बोलताना, ती परत येणं आता कठीण आहे, असं सांगितलंच आहे. मग मुलाखतीत जे सांगता येतं ते मालिकेत का नाही सांगता येत? मुलाखत किती जण वाचतात, आणि रात्री साडेआठला किती जण बसतात.

या रिकाम्या जागेनं मालिकेचं नक्की काय बिघडवलं याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. गोकुळधामची सगळी गंमत जेठालालच्या घरावर उभी होती. वडील चंपकलाल म्हणजे बापूजी ओरडणार, टपू भानगड करून येणार, दया काहीतरी भलतंच समजून घेऊन गोंधळ वाढवणार, आणि या तिघांच्या कात्रीत सापडलेला जेठालाल दुकानाला जाताना खाली बबिताजींना बघून विरघळणार. ते विरघळणं निरागस वाटायचं कारण वर दया होती. ती हातात डबा घेऊन 'टप्पू के पापा' म्हणत मागे येणार हे आपल्याला माहीत असायचं, जेठालाल कुठेही जाणार नाही याची ती हमी होती, आणि तिचं त्याच्यावर इतकं प्रेम की हे तिच्या डोक्यातही येत नाही, यातच विनोद होता. आता तीच गोष्ट बघा. बायको कितीतरी वर्षं माहेरी, कारण कोणी सांगत नाही, आणि हा माणूस रोज शेजारच्या बाईकडे बघतोय. दिलीप जोशी ग्रेट नट आहे, तो आजही ते हसण्यावारी नेतो, पण सीनचा अर्थ बदललाय तो बदललाच. तसंच बापूजींचं. सून घरात नाही, नातवाची आई नाही, आणि म्हातारा त्याबद्दल मुलाला एकदाही समोर बसवून विचारत नाही? जो चंपकलाल चुकीच्या शब्दासाठी मुलाला फैलावर घेतो तो? लेखकांना हे दिसत नसेल असं मला वाटत नाही, त्यांचे हात बांधलेत, कारण दया 'येणार' आहे ना. येणार असलेल्या माणसाबद्दल दुःखही करता येत नाही आणि त्याच्याशिवाय जगायलाही सुरुवात करता येत नाही.

ठाणेकरानं 'मूळ माणूस नाही तर काहीच नाही' म्हणावं याचं तर मला जास्तच नवल वाटतं. आपण तलावपाळीला गडकरी रंगायतनमध्ये नाटकं बघत मोठे झालो, १९७८ पासून उभं आहे ते, आणि पेपरातल्या जाहिरातीत 'नव्या संचात' वाचून तिकीट काढायची आपल्याला पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. 'नटसम्राट' १९७० ला डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं, त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा एकेका ताकदीच्या नटानं आप्पासाहेब बेलवलकर केले, आणि माझ्या माहेरी त्यावरून भांडणं व्हायची, बाबा लागूंच्या बाजूचे आणि काका दत्ता भटांच्या बाजूचे, दोघांपैकी कोणीही हे नाटक लागूंनंतर बंद व्हायला हवं होतं असं कधी म्हटलं नाही. 'तो मी नव्हेच'चा लखोबा म्हणजे प्रभाकर पणशीकर, १९६२ पासून, तिथे दुसरा चेहरा कल्पनेतही येत नव्हता, पण डॉ. गिरीश ओकांनी लखोबा केला आणि लोकांनी बघितला. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तर एकट्या लक्ष्मण देशपांडेंचं, पन्नासच्या वर पात्रं एकच माणूस करायचा, २००९ ला ते गेले तेव्हा नाटकही त्यांच्याबरोबर गेलं असंच सगळे धरून चालले होते, आणि संदीप पाठकनं ते पुढे नेलं. आणि मानपाड्याच्या बाजूला आपलं जे दुसरं मोठं नाट्यगृह आहे त्याला नाव कोणाचं, तर डॉ. काशिनाथ घाणेकरांचं. 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या म्हणजे घाणेकर, दुसरा लाल्या असूच शकत नाही असं मानणारी एक अख्खी पिढी होती. २०१९ ला सुबोध भावेनं तोच लाल्या परत रंगमंचावर आणला. त्यानं घाणेकर कमी झाले नाहीत, ज्यांनी त्यांना कधी बघितलं नव्हतं त्या पोरांनी घरच्या मोठ्यांना विचारायला सुरुवात केली की खरे घाणेकर कसे होते.

आता कोणी म्हणेल नाटकाचं मालिकेला लागू होत नाही, आणि त्यात तथ्य आहे, ते मी टाळणार नाही. नाटकाची संहिता नटाच्या आधी लिहून तयार असते. कॉमेडी मालिकेत उलटं होतं, पहिले काही भाग लेखक लिहितो आणि मग लेखक नटाकडे बघून लिहायला लागतो. दयाचा तो नाकातला घोगरा आवाज, कुठेही सुरू होणारा गरबा, 'हे माँ माताजी', हे दिशाच्या अंगातून आलं, आणि पुढचे हजारो सीन त्याच मापानं लिहिले गेले. त्यामुळे नवी नटी आणून तिला तोच आवाज काढायला लावला तर ती मिमिक्री होणार, आणि मिमिक्री पाच मिनिटं बरी वाटते. शिवाय नाटकाला एक सोय असते जी मालिकेला नाही. लागूंचा प्रयोग संपला की संपला, दत्ता भटांच्या प्रयोगाच्या वेळी शेजारच्या पडद्यावर लागू चालू नसायचे. इथे दुपारी दोनला त्याच चॅनेलवर २०१० ची दया गरबा करतेय, मोबाईलवर तिच्या क्लिपा फिरतायत, आणि रात्री साडेआठला नव्या बाईनं येऊन उभं राहायचंय. हे खरंच अवघड आहे.

अवघड आहे, पण झालेलं आहे, आणि फार लांब जायला नको. 'भाभीजी घर पर हैं' २०१५ ला सुरू झाली, शिल्पा शिंदेची अंगूरी तुफान चालली, 'सही पकडे हैं' पोराटोरांच्या तोंडी होतं, आणि वर्षभरातच वाद होऊन ती गेली. २०१६ ला शुभांगी अत्रे आली. पहिले काही आठवडे लोकांनी नाकं मुरडली आणि मग पुढची कितीतरी वर्षं अंगूरीभाभी म्हणजे शुभांगीच होती, नवीन बघणाऱ्यांना तर शिल्पा हे नाव नंतर कळलं. त्याच मालिकेत अनिता भाभीही बदलली, सौम्या टंडननंतर आपली नेहा पेंडसे आली, मग विदिशा श्रीवास्तव आली. मराठीत बघा, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली खलनायिका शनाया, रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, लोक तिच्यावरही तेवढेच चिडायला लागले (आणि शनायासाठी तीच पोचपावती), मग रसिका परत आली तर तिलाही घेतलं. 'चला हवा येऊ द्या' २०१४ पासून निलेश साबळेच्या जिवावर चाललं असं आपण सगळेच मानायचो, २०२५ ला ते अभिजीत खांडकेकरला घेऊन परत सुरू झालं. मूळ कार्यक्रमाइतकं चांगलं आहे का हा वाद घाला, जरूर घाला, पण सुरूच करायला नको होतं असं म्हणायला मी तयार नाही.

अमेरिकन मालिकांमध्ये तर याचे इतके प्रयोग झालेत की कुठे जमतं आणि कुठे फसतं हे समजून घ्यायला तिथेच बघावं. मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती 'मॅश', कोरियन युद्धातल्या लष्करी हॉस्पिटलची कॉमेडी, १९७२ ते १९८३. त्यातला हिरो हॉकआय म्हणजे अ‍ॅलन अल्डा शेवटपर्यंत होता हे खरं, जसा आपला जेठालाल आहे, पण त्याच्या आजूबाजूचे मोठे आधार एकेक करून निघून गेले. १९७५ मध्ये कर्नल ब्लेक करणारा मॅक्लीन स्टीव्हन्सन सोडून चालला होता. लेखकांनी त्याला घरी जायला निघालेला दाखवला, सगळ्यांशी गळाभेट झाली, आणि शेवटच्या मिनिटाला ऑपरेशन चालू असताना निरोप्या आत येऊन सांगतो की त्यांचं विमान पाडलं, कोणी वाचलं नाही. स्क्रिप्टचं ते शेवटचं पान बहुतेक कलाकारांना अगदी शेवटपर्यंत दाखवलंच नव्हतं. लोकांनी संतापून पत्रं पाठवली. कॉमेडीत माणूस मारतात का म्हणून. पण ते प्रेक्षकाला मोठं समजून केलेलं काम होतं. त्याच सुमारास वेन रॉजर्स, म्हणजे हॉकआयचा जिगरी दोस्त ट्रॅपर, निरोपाचा एकही सीन न करता गेला. आता इथे दयासारखीच अडचण झाली, माणूसच नाही तर निरोप शूट कसा करणार. तर त्यांनी काय केलं, हॉकआय सुट्टीवरून परत येतो तेव्हा कळतं की दोस्ताला घरी जायचा हुकूम आला आणि तो निघालासुद्धा, हा धावत विमानतळावर जातो आणि थोडक्यात चुकामूक होते. भेट न झाल्याची ती चुटपूट हाच निरोप झाला. आणि त्याच विमानतळावर त्याला नवा डॉक्टर बीजे भेटतो. म्हणजे नटी नाही आली तरी निरोप देता येतो, लिहिणाऱ्याची तयारी पाहिजे.

आणि त्यांनी गेलेल्या माणसाची झेरॉक्स नाही आणली, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. ढिसाळ ब्लेकच्या जागी शिस्तीचा जुना सैनिक पॉटर आणला. बायकांमागे फिरणाऱ्या ट्रॅपरच्या जागी बायकोच्या आठवणीत झुरणारा बीजे. तिथल्या मूर्ख सर्जन फ्रँकच्या जागी १९७७ ला विंचेस्टर आणला, जो गर्विष्ठ पण खरोखर हुशार सर्जन होता, त्यामुळे हॉकआयला पहिल्यांदा तोडीस तोड माणूस मिळाला. मालिका बदलली, जरा गंभीर झाली, आणि २८ फेब्रुवारी १९८३ ला शेवटचा भाग अमेरिकेत १० कोटींच्या वर लोकांनी बघितला.

'चिअर्स'चंही तसंच. बॉस्टनमधला एक बार, त्याचा मालक सॅम आणि तिथे वेट्रेस झालेली शिकलेली डायन, या दोघांचं भांडण आणि प्रेम हीच मालिका होती. १९८७ ला पाच सीझननंतर शेली लाँग गेली, कर्स्टी अ‍ॅली दुसऱ्याच एका बाईच्या रोलमध्ये आली, बारची मॅनेजर, आणि मालिका अजून सहा सीझन चालली. पण मला त्यातली जास्त आवडते ती त्याआधीची गोष्ट. १९८५ ला बारमध्ये काम करणारा म्हातारा कोच करणारे निकोलस कोलासान्टो वारले. मालिकेनं कोच वारला असं सरळ सांगितलं, आणि त्याला भेटायला म्हणून आलेला वुडी नावाचा खेड्यातला पोरगा त्याच्या जागी कामाला लागला. कोलासान्टोंच्या ड्रेसिंग रूममध्ये जेरोनिमो या अपाचे योद्ध्याचं एक चित्र असायचं, ते आणून बारच्या सेटवर लावलं, आणि कितीतरी वर्षांनी अगदी शेवटच्या भागात सॅम जाता जाता ते चित्र सरळ करतो. ज्यांना माहीत होतं त्यांना कळलं. गेलेल्या माणसाचा मान ठेवणं आणि पुढे जाणं या दोन गोष्टी एकत्र करता येतात हे यापेक्षा चांगलं कसं दाखवणार.

फसलेलं बघायचं तर 'द ऑफिस'. २०११ ला ऑफिसचा बॉस मायकल करणारा स्टीव्ह करेल गेला, निरोपाचा भाग अप्रतिम केला, पण मग मायकलच्या खुर्चीत कोणाला बसवायचं हे त्यांनाच कळेना, एक पाहुणा आणला, मग दुसरा, मग ऑफिसमधल्याच एकाला बसवला आणि त्यालाही छोटा मायकल करायचा प्रयत्न केला. दुसरा मायकल शोधत बसले म्हणून दोन सीझन भरकटले. आणि 'टू अँड अ हाफ मेन' मला वाईट अर्थानं आठवते. चार्ली शीनला २०११ ला काढलं, त्याचं पात्र मारलं, अ‍ॅश्टन कुचर आला, पहिला भाग पावणेतीन कोटींच्या वर लोकांनी बघितला, मालिका २०१५ पर्यंत चालली, पण शेवटपर्यंत गेलेल्या नटावर राग काढणं थांबलं नाही. प्रेक्षकाला घरच्या भांडणात ओढणं हे. असा निरोप देण्यापेक्षा न दिलेला बरा.

हे सगळं चालू का ठेवावं, याचं अजून एक कारण आहे आणि ते पडद्यावर दिसत नाही. आपल्या ठाण्यात, घोडबंदरला, नायगावला, गोरेगावच्या फिल्मसिटीत मालिकांवर जगणारी किती माणसं आहेत बघा. स्पॉटदादा, लाईटवाले, मेकअपदादा, हेअर करणाऱ्या ताया, सेटिंगवाले, ड्रायव्हर, जेवणाचे डबे पुरवणारे. यातले बरेच जण रोजावर असतात, पैसे ९० दिवसांनी हातात येतात, मालिका बंद झाली की दुसऱ्या दिवसापासून काम शोधायचं. मोठा कलाकार सोडून गेला तर त्याला सिनेमा आहे, नाटक आहे, वेबसिरीज आहे. एका माणसाच्या जाण्यानं शे-दीडशे घरांची कमाई थांबावी असं म्हणणं मला फार निष्ठुर वाटतं. 'बंद करा' हे सोफ्यावर बसून बोलायला सोपं आहे, बंद म्हणजे काय हे त्या माणसांना विचारा.

सगळ्याच मालिका चालू ठेवाव्यात असं मात्र माझं म्हणणं नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' घ्या. आबा टिपरे म्हणजे दिलीप प्रभावळकर, ते पात्र त्यांच्याच लिखाणातून आलेलं, बघणारे डोळे त्यांचे, बोलणं त्यांचं. तिथे दुसरा माणूस आणला असता तर ते घरच मोडलं असतं, आणि ती मालिका वेळेवर संपली म्हणून आज वीस वर्षांनीही लोक ती प्रेमानं परत बघतात. तेव्हा मी बघते ते एवढंच, की माणूस गेल्यावर मागे जागा उरते का. बार उरला, हॉस्पिटलचे तंबू उरले, अख्खी गोकुळधाम सोसायटी उरली. सेक्रेटरी भिडेंची वहीतली हिशेबाची भांडणं, माधवीची लोणची-पापड, पोपटलालचं न जमणारं लग्न, क्लबहाऊसमधल्या मीटिंगा, हे आपल्या ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत रोज चालतं, आमच्या सेक्रेटरींना तर सगळे भिडेमास्तर म्हणूनच हाक मारतात. जिथे जागा इतकी भरलेली आहे तिथे चालू ठेवणं हेच बरोबर.

आणि ह्याच मालिकेनं एकदा हे नीट करूनही दाखवलंय. घनश्याम नायक गेल्यावर काही महिने गाडा इलेक्ट्रॉनिक्समध्ये नट्टूकाकांची खुर्ची रिकामी होती. मग २०२२ मध्ये निर्माते असित मोदी स्वतः कॅमेऱ्यासमोर आले आणि किरण भट्ट यांना हे आपले नवे नट्टूकाका म्हणून लोकांसमोर आणलं. किरण भट्ट हे नायकांचे जुने मित्र. कोणी कुरकुर केली नाही. मग जे नट्टूकाकांना जमलं ते दयाला का जमू नये?

मला विचाराल तर नवी दया आणा. तिला तो आवाज काढायला लावू नका, पहिले दोन-तीन महिने गरबाही नको, तिची स्वतःची अशी काहीतरी खोड सापडू द्या, कदाचित ही दया गोंधळ घालणारी नसेल, कदाचित इतकी वर्षं माहेरी राहून ही जरा जास्त बोलायला शिकलेली असेल आणि बापूजींसमोरच जेठालालला पहिल्यांदा उलट प्रश्न विचारेल. दिलीप जोशीसारख्या नटाला समोर नवं काहीतरी मिळालं तर तो काय करेल याची मला खरंच उत्सुकता आहे. आणि ती यायच्या आदल्या दिवशी दिशाला निरोप द्या. त्याची सोय या मालिकेत पहिल्यापासून आहे, भागाच्या शेवटी तारक मेहता थेट कॅमेऱ्यात बघून आपल्याशी बोलतो. तिथे उभं राहून सचिन श्रॉफनं एवढंच सांगावं की दिशा वकानी आता परत येणार नाही, तिनं जे दिलं त्याबद्दल आम्ही सगळे तिचे ऋणी आहोत, उद्यापासून दया दुसरी कलाकार करेल, तिला सांभाळून घ्या. अर्धं मिनिटसुद्धा लागणार नाही. सासूबाईंना वाईट वाटेल, डोळे पुसतील, आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला बघायला बसतील हे मी खात्रीनं सांगते. मग सुंदरनं बहनाला टॅक्सीतून गेटवर आणून सोडावं, आणि टॅक्सीचं भाडं नेहमीसारखं जिजाजींकडूनच घ्यावं.